मल्टिमीटरची पारख

घरांतील पंखा बंद पडतो, वायरमनला बोलावणें जातें, आणि तो शिडीवर चढण्यापूर्वींच घरांतील कोणी तरी मोठ्या खात्रीनें सांगतें, "मेन बंद केला आहे, आतां भीति नाहीं." ही खात्री पुष्कळदां खरी असते, पण प्रत्येक वेळीं ती खरी ठरेलच असें नाहीं. अलीकडे शहरांत अनेक घरांतून इन्व्हर्टर आले आहेत. बाहेरची वीज मेन स्विचनें तोडली कीं वीज गेली असें समजून इन्व्हर्टर आपलें नेमून दिलेलें काम इमानानें सुरू करतो, आणि त्याच पंख्याच्या तारेवर २३० व्होल्टांचा दाब आणून ठेवतो. मेन बंद, शेजारची खोली अंधारांत, आणि शिडीवरील माणसाच्या हातांतील तार मात्र जिवंत! जुन्या इमारतींत याहून निराळे घोटाळे आढळतात. एका खोलीचा फेज एका फ्यूजवरून, तर न्यूट्रल दुसऱ्याच वाटेनें आणलेला असतो. लाल वायर संपली म्हणून कोणी काळीच पुढें जोडलेली असते. अशा ठिकाणीं यजमानाच्या शब्दावर, तारेच्या रंगावर किंवा बटणाच्या स्थितीवर विसंबून भागत नाहीं. तारेंत वीज आहे कीं नाहीं याची साक्ष एखाद्या उपकरणानेंच द्यावी लागते, आणि त्या साक्षीवर एका माणसाचा जीव अवलंबून असतो.

हें काम इकडे पुष्कळ वर्षें पेचकसाच्या आकाराच्या निऑन टेस्टरकडे आहे. त्याच्या पोटांत निऑनची लहानशी नळी व सुमारें दहा लक्ष ओहमांचा रोध असतो. त्यांतून, आणि टेस्टर धरणाऱ्याच्या शरीरांतून, मिलिअँपिअरच्या पाव हिश्श्याइतका क्षुल्लक प्रवाह जमिनीकडे जातो व नळी लालसर उजळते. उपकरण स्वस्त व सुटसुटीत खरें. परंतु भर उजेडांत नळी पेटलेली दिसत नाहीं, कोरड्या लाकडी शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत ती मंदावते, आणि नळी निकामी झालेली असली तर टेस्टर मुकाट्यानें 'वीज नाहीं' असेंच सांगतो. शिवाय तो एका टोकाचीच हकीकत सांगतो. न्यूट्रल तार कोठें तरी तुटली आहे असें समजा. जुन्या तंतूच्या दिव्याचें बटण चालू असतां फेजचा दाब तंतूमधून पलीकडच्या तुटक्या न्यूट्रलवर जाऊन पोहोंचतो. टेस्टर होल्डरच्या दोन्ही टोकांशीं उजळतो, दिवा मात्र लागत नाहीं, आणि नवशिका गृहस्थ गोंधळून जातो.

मल्टिमीटर दोन टोकांमधील दाबाचा फरक मोजतो, ही त्याची थोरवी. तथापि त्यालाही प्रश्न नीट विचारावा लागतो. वरच्याच उदाहरणांत होल्डरच्या दोन टोकांवर मीटरच्या सळ्या टेकविल्या तर तो शून्य दाखवील, कारण दोन्ही टोकें सारख्याच दाबावर आहेत. आणि त्या शून्यावर भरंवसा ठेवून तार धरणारा मनुष्य जमिनीच्या मानानें २३० व्होल्टांना हात लावील. म्हणून जाणता वायरमन तीन मापें घेतो: फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ. निरोगी वायरिंगमध्यें पहिलीं दोन मापें २३० च्या आसपास व तिसरें एखाद-दोन व्होल्ट येतें. तिसरें माप २३० आलें तर न्यूट्रल तुटला आहे किंवा कोणी तरी तारांची अदलाबदल केली आहे असें जाणावें.

दाब, प्रवाह व रोध हीं तिन्ही एका पेटींत मोजण्याची सोय होऊन शंभर वर्षें उलटून गेलीं. ब्रिटिश पोस्ट खात्यांत तारांच्या दुरुस्तीचें काम पाहणाऱ्या डोनाल्ड मॅकॅडी या अभियंत्यास निरनिराळीं उपकरणें बरोबर वागवावीं लागत. त्या जाचांतून सुटण्यासाठीं त्यानें योजलेलें यंत्र १९२३ सालीं 'अ‍ॅव्होमीटर' या नांवानें विक्रीस आलें. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांचें तें नांव होय. कांट्याऐवजीं थेट आंकडे दाखविणारा डिजिटल व्होल्टमीटर पुढें अमेरिकेंत अँड्र्यू के यांनीं बनविला. आज तर विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानांत दोन-तीनशें रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतचे मीटर मांडलेले असतात, आणि गिऱ्हाईकाची नजर साहजिकच घुंडीभोंवतीं किती खुणा आहेत तिकडे जाते. एखादा उष्णतामान सांगतो, एखादा ट्रान्झिस्टर तपासतो. घरांतील वायरिंगच्या कामांत यांतील बहुतेकांचा कांहीं उपयोग नाहीं. अचूकपणाचेंही तसेंच. जी वीज सकाळीं २३८ व सायंकाळीं २२२ व्होल्टांवर असूं शकते, ती मोजतांना शेकडा एकाची चूक काय अधिक? रेडिओ दुरुस्त करणाऱ्यास दशांश चिन्हापुढील आंकडे हवे असतात, वायरमनला नकोत.

त्याला दुसरीच गोष्ट हवी असते, आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली नसते. वापरणाऱ्याच्या हातून चूक झाली, किंवा तारेंतच कांहीं अघटित घडलें, तर हा मीटर काय करील?

घरांतील दाब २३० व्होल्ट म्हणतात तो केवळ परिणामी आंकडा होय; लाटेचें शिखर दर वेळीं ३२५ व्होल्टांना स्पर्श करतें. एवढ्यावरही तें थांबत नाहीं. जवळपास वीज पडली, अगर इमारतीच्या पाण्याच्या पंपाची मोटार एकाएकीं बंद झाली, म्हणजे तारांतून कांहीं हजार व्होल्टांची लाट सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरती धांवून जाऊं शकते. नेमक्या त्या क्षणीं मीटरच्या सळ्या तारांना लागलेल्या असल्या, आणि मीटरच्या आंतील धातूच्या पट्ट्यांमधील अंतर अपुरें असलें, तर आंत ठिणगी पडते. ठिणगीनें तापलेली हवा विजेची वाहक बनते. लाट केव्हांच निघून गेलेली असते. पण तिनें उघडलेल्या वाटेनें मागाहून नेहमींची वीज घुसते, आणि तिला अडविणारा रोध आतां जवळजवळ उरलेला नसतो. हजारों अंश तापलेली ही ज्योत मीटरचें कवच फोडते, आणि वितळलेलें तांबें समोर वांकून आंकडा वाचणाऱ्या माणसाच्या तोंडावर उडतें.

ही ज्योत केवढी असेल हें मोजण्याच्या जागेवर अवलंबून असतें. धरणाच्या तोंडाशीं बांध फुटणें निराळें, कालव्याला भगदाड पडणें निराळें, आणि शेताच्या पाटांतील माती वाहून जाणें निराळें. तारेची लांबी जसजशी वाढते तसतसा तिचा रोध लाटेचा जोर व मागून येणारा प्रवाह दोन्ही कमी करीत जातो. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६१०१० क्रमांकाच्या मानकांत हाच विचार करून मोजणीच्या जागांचे वर्ग पाडले आहेत. मीटरवर 'कॅट' अशीं इंग्रजी अक्षरें व त्यापुढें रोमन आंकडा असतो, तो या वर्गाचा. भिंतीवरील प्लगांत खुपसून वापरावयाचीं उपकरणें दुसऱ्या वर्गांत मोडतात. इमारतीचें पक्कें वायरिंग, एम.सी.बी.ची पेटी, पंपाच्या मोटारीची जोडणी हा तिसरा वर्ग. आणि जेथून वीज इमारतींत प्रवेश करते ती जागा, म्हणजे सर्व्हिस केबल, वीजपुरवठा कंपनीचे मीटर, त्यांच्यापूर्वींचे कट-आउट, हा चौथा. चाळीच्या जिन्याखालीं धुळीनें भरलेल्या फळीवर ओळीनें मीटर लावलेले असतात, ती जागा या चौथ्या वर्गांतील आहे. मुलें तेथें लपंडाव खेळतात ही गोष्ट वेगळी.

गिऱ्हाईक फसतें तें येथें. एका मीटरवर '१००० व्होल्ट, कॅट दोन' असें छापलेलें असतें, दुसऱ्यावर '६०० व्होल्ट, कॅट तीन'. साधा हिशेब सांगतो कीं हजार हे सहाशेंहून मोठे, तेव्हां पहिला मीटर चांगला. प्रत्यक्षांत दोहोंची परीक्षा ६,००० व्होल्टांच्याच लाटेनें घेतली जाते. भेद असा कीं, पहिल्याच्या परीक्षेंत ती लाट १२ ओहमांच्या रोधामागून सोडतात आणि दुसऱ्याच्या परीक्षेंत २ ओहमांच्या. ओहमच्या नियमानें भागाकार केला तर पहिल्या ठिकाणीं ५०० अँपिअर आणि दुसऱ्या ठिकाणीं ३,००० अँपिअर प्रवाह निघूं शकतो. म्हणजे ज्याच्यावर आंकडा लहान आहे, त्यानें सहापट मोठ्या प्रवाहाला तोंड देण्याची कसोटी पार केलेली असते. घरच्या वायरिंगसाठीं ६०० व्होल्टांचा तिसऱ्या वर्गाचा मीटर हा कमींत कमी म्हणावा. आणि ज्याला जिन्याखालच्या मीटरांपर्यंत जावें लागतें त्यानें ६०० व्होल्टांचा चौथ्या वर्गाचा घ्यावा. त्याची परीक्षा ८,००० व्होल्टांच्या लाटेनें होते.

छापणें मात्र कोणालाही शक्य आहे. दोनशें रुपयांच्या मीटरवरही 'कॅट तीन' हीं अक्षरें ठसठशीत उमटविलेलीं सांपडतात. म्हणून त्याच्या जोडीला यू.एल. किंवा टी.यू.व्ही. यांसारख्या स्वतंत्र परीक्षणसंस्थेची खूण आहे कीं नाहीं हें पाहणें जरूर आहे. 'सी.ई.' ही खूण त्या तोलाची नव्हे. ती उत्पादकानें आपल्याच जबाबदारीवर केलेली घोषणा असते.

लाटेपेक्षांही अधिक वेळां माणसाची घाई घात करते. मीटरच्या तळाशीं तीन-चार छिद्रें असतात. त्यांपैकीं एक अँपिअर मोजण्याचें. प्रवाह मोजतांना मीटर मंडलाच्या मध्यें तारेसारखा बसवावा लागतो, म्हणून त्या छिद्राच्या वाटेवर जवळजवळ रोध नसतो. सकाळीं कोणी प्रवाह मोजला, लाल तार त्याच छिद्रांत राहिली, आणि दुपारीं तोच मीटर भिंतीवरील प्लगांतील व्होल्ट पाहण्यासाठीं लावला, तर मोजणी होत नाहीं. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्यें सरळ लोखंडी सळी ठेवल्याप्रमाणें शॉर्ट होतो, आणि तो शॉर्ट दोन्ही हातांत धरलेला असतो. अगदीं स्वस्त मीटरांवर या छिद्रापाशीं 'अनफ्यूज्ड' असा शब्द प्रामाणिकपणें छापलेला असतो. तो शब्द दिसतांच मीटर परत करावा. त्यावरच्या प्रतीच्या मीटरांत कांचेचा फ्यूज असतो. तो लहान प्रवाहाला पुरतो. परंतु मोठ्या प्रवाहांत आंतील तार वितळली तरी ज्योत कांचेच्या नळींतून वाहतच राहते, किंवा नळीच फुटते. चांगल्या मीटरांत चिनी मातीच्या नळींत वाळू भरलेला, मोठा प्रवाह तोडणारा फ्यूज असतो. वाळू वितळते आणि ज्योत गिळून टाकते. असा फ्यूज महाग पडतो, एवढा कीं कित्येक कारागीर तो जळाल्यावर त्याच्या जागीं कांचेचा बसवितात, आणि कांहींजण तांब्याची तारही. मग कवचावर छापलेल्या वर्गाला कांहींच अर्थ राहत नाहीं.

वायरिंगच्या कामास सर्वांत शहाणपणाची निवड बहुधा अशी कीं, अँपिअरचें छिद्रच नसलेला मीटर घ्यावा. खास वायरमनसाठीं तसे मीटर मिळतात. प्रवाह मोजण्यास क्लॅम्प मीटर असतो. त्याचा चिमटा तारेभोंवतीं लावला कीं तार न तोडतां, न उघडतां प्रवाह कळतो. चिमट्यांत एकच तार यावी. फेज व न्यूट्रल दोन्ही आल्या तर जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांस खोडतात व मीटर शून्य दाखवितो.

आतां मीटरच्या खोट्या साक्षीविषयीं. जिन्यावरील दिव्यास वर एक व खालीं एक अशीं दोन बटणें असतात, आणि त्या बटणांना जोडणाऱ्या दोन तारा एकाच नळींतून जातात. कोणत्याही क्षणीं त्यांपैकीं एक फेजला जोडलेली असते. दिवा लागलेला असतांना दुसरी दोन्ही टोकांनीं मोकळी लोंबकळत असते. या मोकळ्या तारेला डिजिटल मीटर लावला तर तो साठ, ऐंशी, क्वचित् शंभराहून अधिक व्होल्ट दाखवितो! तार जिवंत आहे काय? नाहीं. शेजारून समांतर जाणाऱ्या दोन तारा मिळून एक लहानसा कंडेन्सर तयार होतो व त्यांतून किंचित् प्रवाह पलीकडे झिरपतो. डिजिटल मीटरचा आपला रोध सामान्यतः १ कोटि ओहम; इतक्या मोठ्या रोधापुढें तो झिरपलेला प्रवाहही मोठा दाब भासवितो. कांट्याच्या जुन्या मीटरचा रोध याहून बराच कमी असे, त्यामुळें हें भूत त्याला फारसें दिसत नसे. नव्या यंत्रानें एक गुण कमावला तो एक दोष पदरीं घेऊन.

हा दोष निव्वळ गमतीचा नाहीं. बंद केलेल्या तारांवर दहा वेळां भुताचे व्होल्ट पाहिलेला कारागीर अकराव्या वेळीं खरे व्होल्ट पाहूनही "हें भूतच" असें म्हणतो. म्हणून ज्या मीटरला 'लो-झेड' म्हणजे कमी रोधाची सोय आहे तो घ्यावा. त्या ठिकाणीं मीटरचा रोध कांहीं हजार ओहमांवर उतरतो. झिरपलेला दाब त्यापुढें टिकत नाहीं, शून्याजवळ येतो, आणि खरा २३० तसाच राहतो. मात्र एक विचित्र अनुभव येण्याजोगा आहे. रोध ३,००० ओहम धरला तर फेज व अर्थ यांच्यामध्यें मीटर लावतांच सुमारें ७७ मिलिअँपिअर प्रवाह अर्थकडे जातो, आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा आर.सी.सी.बी. तत्काळ घरांतील वीज बंद करतो. त्यांत मीटरचा अपराध नाहीं, आणि आर.सी.सी.बी.चाही नाहीं, घाबरून दोहोंपैकीं एक बदलूं नये.

'ट्रू आर.एम.एस.' या शब्दांसाठीं अधिक पैसे द्यावे कीं नाहीं, हा प्रश्न इन्व्हर्टर असलेल्या घरांत उभा राहतो. साधा मीटर लाटेची सरासरी मोजून ती १.११ नें गुणतो. लाट शुद्ध वळणाची असेल तरच हा हिशेब जुळतो. स्वस्त इन्व्हर्टरची लाट पायऱ्यांची असते. तिचें शिखर ३२५ व्होल्ट असून निम्मा वेळ ती शून्यावर राहत असेल, तर खरा परिणामी दाब २३० असतां साधा मीटर १८० दाखवितो, आणि बिचारा गृहस्थ चांगला इन्व्हर्टर दुरुस्तीस पाठवितो. एल.ई.डी. दिवे व संगणक यांचा प्रवाहही असाच तुटक असतो. क्लॅम्प मीटर ट्रू आर.एम.एस. नसला तर तो प्रवाह कांहीं वेळां ४० टक्क्यांपर्यंत कमी दाखवितो, आणि तार तापते कां हें कोणासच उमगत नाहीं.

सळ्या व त्यांच्या तारा हा मीटरचाच भाग समजावा, कारण हातांत त्याच असतात. त्यांवरही वर्ग छापलेला असावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या वर्गाच्या सळईचें उघडें टोक ४ मिलिमीटरांहून लांब नसतें, म्हणजे अडचणीच्या पेटींत तें एका वेळीं दोन पट्ट्यांना लागण्याचा संभव थोडा. बोटांपुढें कठडा असावा. तारेचें वेष्टन वांकवून पाहावें. भेग दिसली तर तार फेकून द्यावी, चिकटपट्टी गुंडाळूं नये.

कांहीं कामें मल्टिमीटरकडून अपेक्षूंच नयेत. वायरिंगचें वेष्टन पावसाळ्यांत ओल पिऊन कमकुवत झालें आहे कीं काय हें तो सांगूं शकत नाहीं, कारण ओहम मोजतांना त्याच्यापाशीं बॅटरीचे दोन-चार व्होल्टच असतात. त्या परीक्षेस ५०० व्होल्टांचा मेगर लागतो. अर्थिंगचा जमिनीशीं रोध किती, यासाठींही वेगळें उपकरण आहे. मल्टिमीटरनें अर्थची तार अखंड आहे एवढेंच कळतें.

चांगल्या मीटरची साक्ष घेण्याचीही रीत आहे. प्रथम तो खात्रीनें चालू असलेल्या प्लगांत लावून २३० दाखवितो हें पाहावें. मग ज्या तारेवर काम करावयाचें ती बंद करून तीनही मापें घ्यावीं. नंतर मीटर पुन्हां त्या चालू प्लगावर न्यावा. ही तिसरी पायरी बहुतेकजण गाळतात; पण मधल्या वेळांत सळईची तार आंतून तुटली असेल किंवा बॅटरी उतरली असेल, तर सर्वत्र शून्यच दिसणार, आणि तें शून्य मीटरचें आहे कीं तारेचें, हें या पायरीशिवाय ओळखतां येत नाहीं. इन्व्हर्टर असलेल्या घरांत हीच तपासणी दोनदां करावी लागते: एकदां मेन बंद केल्यावर, आणि पुन्हां इन्व्हर्टरचें बटण बंद केल्यावर.